पोट बिघडलेला ड्रम

काडी विझली. हीसुद्धा.

गॅस होता, भरपूर होता. गच्चीवरच्या मोठ्या ड्रममध्ये पालथा घातलेला छोटा ड्रम चांगला हातभर वर उचलला गेला होता. नळीतून फुसफुस ऐकू येत होती. पण पेटायचं नाव नाही, उलट काडीवर कुणी फुंकर मारावी तसा तो तिलाच विझवत होता.

दादाने लगेच जाहीर केलं की हा ड्रम मामावर गेलाय, नुसता फुगतो, कामाला शून्य. बाबा एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने पेपर वाचत होते. काकूचं म्हणणं, या वासापायी तिला वाळलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. आणि आई तर आई. येत्या रविवारी भंगारवाला येणार, तोवर ड्रम पेटला तर ठीक, नाहीतर गेला हातगाडीवर.

धाकटीने विझलेली काडी फेकून दिली. गोबरगॅससाठी विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेलं सगळं तिने तंतोतंत केलं होतं. गोठ्यातून शेण आणून कालवलं होतं. त्यानंतर रोज एकच मग खरकटं, बारीक करून, पाणी घालून. एकच, कारण जास्त चारलं की आत सगळं आंबट होतं आणि गॅस बनवणारे जिवाणू संपावर जातात. मग ड्रम फुगतो, पण जळणारा गॅस त्यात नावालाच असतो.

शनिवारी सकाळी तिने शाळेतून मागून आणलेली निळी लिटमसची पट्टी ड्रमच्या पाण्यात बुडवली. पट्टी लालभडक झाली.

अपचन! पण एका मगाने? शक्यच नाही. म्हणजे कुणीतरी चोरून चारत होतं, ड्रम बिघडावा म्हणून. धाकटीच्या अंगात एकदम फौजदार संचारला. ती पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. संशय अर्थातच दादावर.

आधी आले बाबा. ऑफिसच्या कपड्यांत, हातात केळ्याची सालं. नाकबिक काही दाबलेलं नाही. त्यांनी सालं आत टाकली, ड्रमच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली आणि मांजराच्या पावलांनी निघून गेले. मग काकू आली, कालचा भात घेऊन. मग दादा. त्याने खिशातून अर्धा पाव काढला, इकडेतिकडे बघत कुस्करला आणि आत सोडला. धाकटीला ओरडावं की हसावं तेच कळेना.

तेवढ्यात जिन्यात आईच्या चपला वाजल्या. आईकडे पातेलंच होतं. तिने ते ड्रममध्ये निपटून ओतलं.

"खा रे बाबा, पोटभर खा," ती ड्रमला म्हणाली. "पण उद्या पेट. पोरीचं तोंड बघवत नाही मला."

धाकटी टाकीमागून उठली तशी आई इतकी दचकली की पातेलंच आत पडता पडता राहिलं. मग तिने कबूल केलं की भंगारवाल्याला कुणी बोलावलेलंच नाही. तिला वाटलं, जरा धाक दाखवला की लवकर पेटेल.

रात्री जेवताना धाकटीने चौघांना फैलावर घेतलं. चौघंही ताटात बघून जेवत होते. सगळ्यांच्या मायेने मिळून त्या ड्रमचं पोट बिघडवलं होतं, आणि तिला इतका आनंद झाला होता की नीट रागावताही येत नव्हतं. तिने आंबटपणा मारायला ड्रमला चुन्याची निवळी पाजली, ताजं शेण दिलं, बाकी सगळं बंद केलं. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. किल्ली धाकटीच्या गळ्यात.

काही आठवड्यांनी तिने सगळ्यांना वर नेलं आणि शेगडीला काडी लावली. भप्प. निळी, गोल, गरगरीत ज्योत. काकूने धाकटीला मिठी मारली, दादाची शिट्टी शेजारच्या गच्चीपर्यंत गेली, बाबा नुसते "अरे, अरे" करत राहिले.

आई मात्र दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती. मग तिने हळूच एक वाटी पुढे केली.

"आता तरी घालू का गं त्याला दोन घास?"