चार पॉइंट सहा

"आरं दादा, जायलाच पायजे का?" जयराजनं गाडीची चावी हातात घोळवत विचारलं.

"तारीख दिलेली हाय," म्हणत कृष्णात पुढच्या सीटवर बसला.

फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस. दिलेली तारीख त्यानं कधी चुकवली नव्हती. धाकट्या भावानं गाडी सुरू केली. उंब्रजच्या घरी सकाळपासून पाव्हण्यांची ये-जा होती, त्यातून निघेपर्यंत नऊ वाजले. कृष्णातची बायको साळूबाई दारापर्यंतही आली नाही.

चार महिन्यांपूर्वी सांगलीच्या दवाखान्यात त्याला कळलं, की आपल्या यकृतावर चरबी चढलीय. त्याला हसूच आलं होतं. उभ्या जन्मात त्यानं थेंब घेतला नव्हता. कॅन्टीनची बाटलीसुद्धा गावात देऊन टाकायचा.

"दारूच लागते असं नाही," डॉक्टर अपूर्वा म्हणाल्या होत्या. "पोट सुटलंय, साखर वाढलीय. चरबी अशीच राहिली तर आत व्रण पडतात, यकृत कडक होत जातं. वजन उतरवा. चार महिन्यांनी परत बघू."

दुसऱ्या दिवसापासून गडी उजाडायच्या आत नदीच्या पुलापर्यंत दोन खेपा घालू लागला. गुळाचा चहा सुटला, भात सुटला, जत्रेच्या मटणालाही तो शिवला नाही. चालून आला की काट्यावर उभा राहायचा, आणि त्याची लेक राजेश्वरी पलंगावरूनच हाक द्यायची, "पप्पा, आज किती?"

अठ्ठ्याऐंशीचा चौऱ्याहत्तर झाला. आज सकाळीही तो पुलापर्यंत जाऊन आला होता.

पेठ नाक्यावर जयराजनं गाडी थांबवली. "च्या घेऊया?"

"उपाशीपोटी तपासत्यात."

"काल पण काय खाल्लं न्हाईस तू."

कृष्णातनं समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघितलं. "चल. अकराची वेळ हाय."

सांगलीत डॉक्टर अपूर्वांनी त्याला बघून हातच जोडले. "ओळखलंच नाही तुम्हाला!"

तो पाठीवर निजला, उजवा हात डोक्याखाली घेतला. बरगड्यांवर गार जेल लावून त्यांनी यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचं टोक दोन फासळ्यांमध्ये टेकवलं. टोचणं नाही, कापणं नाही. कुणी आतून टिचकी मारावी तसा ठोका, एवढंच. असे दहा ठोके. मागच्या वेळी त्यानं प्रत्येक ठोका श्वास रोखून मोजला होता. आज तो छताकडं बघत पडला होता.

"चार पॉइंट सहा!" डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडं वळवला. "मागं सात पॉइंट नऊ होतं. व्रणाची खूण नाही, चरबी जवळजवळ गेलीय. इतकं फार थोड्यांना जमतं."

दाराशी उभ्या जयराजनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"अहो हवालदार, हसा की जरा!"

कृष्णात शर्टाची बटणं लावत होता. एक बटण चुकलं, त्यानं सगळी काढून पुन्हा लावली.

"आता तुमच्या यकृताचा तुकडा लेकीला द्यायला माझी काही हरकत नाही," डॉक्टर फोन उचलत म्हणाल्या. "पुण्याच्या डॉक्टरांना आत्ताच कळवते. मग, राजेश्वरी कशी आहे?"

कृष्णातनं रिपोर्टची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बरी हाय," तो म्हणाला.

कालच तिचं तेरावं झालं होतं.