चारशे बाराच्या खाली

विमान कंपनीची ज्येष्ठतेची यादी दुपारी फोनवर आली आणि कॅप्टनांच्या जागा कमी करणारी रेघ नेमकी नवराबायकोच्या मधून गेली. ती चारशे बारावी, तो चारशे तेरावा. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेली. अशा वेळी कंपनी वय बघते, आणि ती त्याच्याहून अकरा दिवसांनी मोठी. ते अकरा दिवस सासूबाईंनी लग्नात कुणाच्या कानावर पडू दिले नव्हते. कंपनीने मात्र बरोबर मोजले.

ती कॅप्टन राहणार होती. तो पुन्हा सहवैमानिक.

"पण पगार तोच ना?" जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"तोच. कंपनीने उतरवलं की पगाराला हात लावत नाहीत. आपणहून उतरलं तर कापतात," तो म्हणाला.

"मग झालं तर. गावभर सांगत कशाला बसायचं?"

तो हसला. दुपारपासून तो हसतच होता आणि तिला ते बघवत नव्हतं.

"मी जागा सोडते," ती म्हणाली. "सहापर्यंत अर्ज घेताहेत. मी खाली आले की रेघ एकाने सरकते. तू वाचतोस."

"आणि तुझा पगार?"

"कापू देत. तुला कॅप्टन राहायचंय का, तेवढं सांग."

तो नाहीच म्हणेल, या भरवशावर तिने विचारलं होतं. नऊ वर्षांच्या संसारात त्याने स्वतःसाठी कधी काही मागून घेतलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "राहायचंय."

सासूबाई उठून आत गेल्या.

अर्ज तिच्या फोनवर भरून तयार होता. सहाला दहा मिनिटं कमी होती. तिने फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"मलाही राहायचंय रे," ती शेवटी म्हणाली. आवाज चोरासारखा निघाला, त्याचा तिला रागच आला.

सहा वाजले. मग सहा वाजून पाच. तो उठला, टेबलावरचे ग्लास गोळा करत पुन्हा हसला.

"बरंच झालं. उगाच एक पगार गेला असता."

"हसू नकोस," ती म्हणाली. "थोडे दिवस रागाव माझ्यावर. मला चालेल."

"रागावलोय," तो म्हणाला, आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ बघितलं.