रोज तीन

निरीक्षक पलंगावर बसून उशीच्या अभ्र्यात हात घालत होते. बाही काही सापडेना.

"अहो, तो अभ्रा आहे," बायको म्हणाली.

"मग बाही कुठं गेली?"

तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती.

यकृत थकलं की पोटातलं विष रक्तात उतरतं आणि थेट डोक्यात जातं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ते बाहेर काढायला बाटलीतलं हे गोड पातळ औषध. त्याचा डोस मात्र ठरलेला नाही. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायला हवं. कमी झालं तर औषध वाढवायचं, जास्त झालं तर कमी करायचं.

"हे औषध आहे की भाजीतलं मीठ?" निरीक्षक ताडकन म्हणाले होते. तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनं आणि काटे तपासलेला माणूस तो. अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. म्हणून मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. वही केली, पट्टीने रेघा मारल्या. संडासातल्या हिशेबात बायकोने नाक खुपसायचं कारण नाही, असंही बजावलं.

तिने ती वही उघडली. तीन. तीन. तीन. नऊ दिवस तीन, आणि प्रत्येक आकड्यापुढे सही.

म्हणजे डोस बरोबर. मग हे अभ्र्याचं काय? वाढवावं तर जास्त होऊन अंगातलं पाणी जाईल, त्यानेही डोकं फिरतं म्हणे. कमी करावं तर विष चढेल. इकडे आड, तिकडे विहीर. बाई गं, ज्याला काही कळत नाही त्याच्याच हातात देव बाटली देतो! तिने दवाखान्यात फोन लावला.

"दिवसाला किती वेळा होतंय?" नर्सने विचारलं.

"तीन."

"नक्की?"

"ह्यांनीच लिहून ठेवलंय."

"मग औषध पुरेसं आहे. तरी बरळत असतील तर ॲडमिट करावं लागेल. घेऊन या."

मागच्या वेळी तिथं ते नळ्या उपटायला लागले, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. घरी आल्यावर महिनाभर ते मनगटं चोळत बसायचे. "पुन्हा तिथं नको," एवढंच म्हणाले होते, आणि तिने शब्द दिला होता.

"एक मिनिट थांबा हं," ती फोनमध्ये म्हणाली आणि वही त्यांच्यापुढे धरली. "अहो, बघा ना जरा. सगळं नीट लिहिलंय तुम्ही. मग असं का होतंय?"

निरीक्षकांनी अभ्रा बाजूला ठेवला. चष्मा लावला. वहीवरून बोट खाली सरकायला लागलं, एकेका आकड्यावर थांबत. एकही ओळ चुकत नव्हती. तळाशी पोचल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कुठल्या दुकानाची वही ही?"

तिने फोनवर तळहात धरला.

"लबाडी आहे," ते म्हणाले. "रोज नेमका तोच आकडा? कधी मुंगीएवढासुद्धा फरक नाही? चालता काटा थोडा तरी हलतो. हा काटा बंद पडलाय. हा माणूस न मोजताच लिहितोय."

तिने वहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अहो, आज किती वेळा झालं तुम्हाला?"

"तीन," निरीक्षक ठामपणे म्हणाले.

सकाळचे सात वाजत होते. ते अजून पलंगावरून उतरलेही नव्हते.

तिने फोन कानाला लावला. "सिस्टर, ते तीन खरं नाही हो. किती होतंय ते कुणालाच माहीत नाही. मी मेली नऊ दिवस आकडा बघत राहिले, माणसाकडे बघितलंच नाही."

पलीकडे नर्सने डॉक्टरीणबाईंना विचारलं. थोडा वेळ नुसती कुजबुज ऐकू येत होती. मग ती परत बोलायला लागली, या वेळी सावकाश. "आत्ता दीड माप द्या. दोन तासांनी पुन्हा तेवढंच. पोट साफ झालं की थांबायचं आणि मला फोन करायचा. आणि आता मोजायचं तुम्ही. गुंगी वाढली, हाक मारून ओ दिली नाही, तर एक क्षण घरी काढायचा नाही. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. खरं तर निम्मंच कळलं होतं. म्हणून तिने नर्सला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि वहीच्या नव्या पानावर उतरवून घेतलं.

बाटलीच्या झाकणात एका मापाची रेघ होती. ती ओलांडून तिने औषध काठोकाठ, दीड माप भरलं.

निरीक्षक अजून जुनं पान बघत होते. "तपासणीचा शिक्का मिळायचा नाही याला. मालक कुठाय?"

"मालकीण मीच आहे," ती म्हणाली आणि झाकण पुढे केलं.

त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणलं. रेघ पाहिली. रेघेच्या वरचं औषध पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी बाईकडे आदराने पाहावं तसं.

"तीस वर्षं हिंडलो," ते म्हणाले. "जास्त माप देणारं दुकान आज पहिल्यांदा पाहिलं."

आणि थेंबही न सांडता ते सगळं प्याले.