रविवारचं पॅनल

“तुमची एक कमजोरी सांगा,” रिंकीनं तिला पाहायला आलेल्या मुलालाच विचारलं.

मुलाच्या मामांचा, उदारामचा, पोह्यांचा चमचा तोंडाजवळ थांबला. भाच्यासाठी ते आजवर पाच पोरी पाहून आले होते. एकीनंही मान वर केली नव्हती. आत स्वयंपाकघरात रिंकीच्या आईनं, दुलारीनं, कपाळाला हात लावला. मध्यस्थ बिसराम उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

रिंकीचं डोकं फिरलं नव्हतं. ती तयारी करत होती.

आमगावची ही बी.एस्सी. झालेली पोर नऊ मुलाखतींतून हात हलवत परत आली होती. येत सगळं होतं. पण समोर चार माणसं बसली की आवाज कापायचा. ‘कॉन्फिडन्स ठेव,’ असं गल्लीतला प्रत्येक जण सांगायचा. सांगणाऱ्यांतला एकही आयुष्यात मुलाखतीला बसला नव्हता. आता मंगळवारी फुलचूरला दहावी मुलाखत होती. राईस मिलच्या लॅबमध्ये तांदळातली ओल आणि तुटके दाणे तपासायची नोकरी. जागा एकच. वडिलांनी, चैनलालनं, सांगून टाकलं होतं, “हा शेवटचा इंटरव्ह्यू. नाही जमलं तं जे घर पयले हो म्हणन, तिथं लगन.”

आणि दर रविवारी पाहुणे यायला लागले होते.

पहिल्या रविवारी तिनं मान खाली घालूनच उत्तरं दिली. दुसऱ्या रविवारी ट्रे हातात घेऊन उभी असताना तिच्या ध्यानात आलं की अरे, हे तर मुलाखतीचं घरपोच पॅनल आहे! चार अनोळखी माणसं. खालपासून वरपर्यंत न्याहाळतात. नाही नाही ते विचारतात. फुकटचं खातात आणि निकाल न सांगता उठून जातात. इतकं तयारीचं पॅनल कोणत्या कंपनीकडं आहे? शिवाय इथं पास व्हायचंच नाही, मग भ्यायचं कशाला? त्या रविवारी ती मान वर करून बोलली. तिसऱ्या रविवारी सावकाश बोलली. आज चौथा रविवार. आज उलटे प्रश्न.

“सांगा ना,” ती म्हणाली.

मुलाचं नाव खुमेंद्र. रायपूरच्या कंपनीत आहे, असं बिसरामनं सांगितलेलं. पोराबद्दल आमच्याकडं एवढी चौकशी पुरते. पोरीला मात्र चालवून बघतात. खुमेंद्र आतापर्यंत खाली फरशीकडं पाहत बसला होता. प्रश्न कानावर पडताच त्याची पाठ ताठ झाली. दोन्ही हात गुडघ्यांवर आले.

“मी कामात इतका बुडून जातो, का जेवणाचंबी भान राहत नाही. पण त्याच्यावर मी मेहनत घेऊन राहिलो.”

“वा रे पठ्ठ्या!” उदारामच्या जिवात जीव आला. “आता आमचं विचारू द्या. पोरीले सैपाक येते का?”

“येते, मामाजी. पण रांधून फायदा काय? त्याईले तं जेवणाचं भानच राहत नाही.”

बिसरामला ठसका लागला. चैनलाल घाईघाईनं म्हणाले, “पोरापोरीले दहा मिनिट बोलू द्या.” हल्ली तेवढी रीत निघाली आहे.

दोघं मागच्या अंगणात आले. खुमेंद्रनं आधी दाराकडं पाहिलं.

“तुमाले खरं सांगतो,” तो हळूच म्हणाला. “कंपनी-बिंपनी काही नाही. चार महिने झाले, काढून टाकलं.”

“मंग पोरी पाहाले काऊन फिरून राहिले?”

“मामा नेते. खरं कळलं का बिनकामाच्या पोराले कोणी पोरगी देत नाही, मले मालूम आहे. म्हणून भेव लागत नाही. चार लोकांत बोलाची सवय होते. परवा इंटरव्ह्यू आहे ना माहा. तुमचं हे सहावं घर.”

रिंकीला असं हसू फुटलं की तोंडावर ओढणी धरावी लागली.

“माहे तुमी चवथे!” ती म्हणाली. “मीबी परवाचीच तयारी करून राहिली!”

आता खुमेंद्रही हसू लागला. ते हसणं बैठकीपर्यंत गेलं. आत उदारामनं मांडीवर थाप मारली, “जमलं म्हणा!” दुलारी साखरेचा डबा शोधायला धावली.

“कुठं आहे तुमचा इंटरव्ह्यू?” रिंकीनं डोळे पुसत विचारलं.

“फुलचूरले. राईस मिलच्या लॅबमंदी.”

रिंकीचं हसू जागीच थांबलं. तिचा चेहरा पाहून त्यालाही कळलं.

“तुमचाबी तोच?”

तिनं मान डोलावली. खुमेंद्रची ताठ पाठ पुन्हा वाकली. त्यानं चपलेनं अंगणातली माती उगाच उकरली.

“मंग मी नाही येत,” तो म्हणाला. “आमच्या मामाले आजवर कोणी गप केलं नाही, ते तुमी केलं. तुमच्यापुढं माहा काय टिकाव लागन?”

नऊ नकारांनंतर पहिल्यांदाच वाट आयती मोकळी होत होती. रिंकीला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. आता समोर पाहुणा नव्हता, उमेदवार होता. आत साखर वाटली जात होती आणि मंगळवारचं जमलं नाही तर पुढं काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“नाही कसे येत?” ती म्हणाली. “सारे कागद घेऊन टायमावर या. तुमी नाही आले तं मी हरवू कोणाले?”