ओलं लुगडं
सदुसष्ट साली बोईसरजवळच्या बांधकामावर रंभाबाईच्या डोक्यावरचा डबा कलंडला आणि भिंतींची ओल थांबवायला फासायचं सिलिकॉनचं द्रावण तिच्या लुगड्यावर सांडलं. वर वेल्डिंग चालू होतं. द्रावणाची नुसती वाफही पेट घेते, हे फोरमन खंडेरावाला ठाऊक होतं. “लुगडं सोडा, बाई!” तो ओरडला. लाजेनं ती पदर आवळून उभीच राहिली. त्यानं साऱ्या गड्यांसमोर लुगडं फेडून लांब फेकलं. क्षणात ठिणगी पडली आणि ते भडकलं. सगळ्यांनी वाहवा केली. रंभाबाई दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही, म्हणून तो उमरोळीला तिच्या घरी गेला. “जीव वाचवलात खरा,” ती दाराआडून म्हणाली. “पन बाजूलाच आमच्या बाया होत्या. त्यांना हाक मारली असती, तर आडोसा केला नसता त्यांनी?” खंडेराव मान खाली घालून परतला. हे त्याला सुचलंच नव्हतं.