गळ्यातला तांबडा दिवा

शाळेचा निरोप आला आणि हेमलताचं डोकंच फिरलं. तिच्या लेकीच्या, मिथिलाच्या गळ्यातला दिवा आज पुन्हा तांबडा झाला होता. दम लागायच्या तासभर आधीच तो श्वासनलिकांची सूज ओळखायचा. दिवा तांबडा झाला की मूल घरी, असा शाळेचा नियम होता.

ती शाळेत पोचली तेव्हा मिथिला दप्तर घेऊन व्हरांड्यात बसली होती. तिने दम्याचा पंप ओढून झाला होता. वर्गात नवरात्रातलं सरस्वतीपूजन चाललं होतं आणि धुपाटण्यातून धुराचे लोट निघत होते.

"घेऊन जा हिला," मुख्याध्यापिका सबनीसबाई दारातूनच म्हणाल्या. "दम्याच्या मुलांची जोखीम आम्ही घेत नाही."

"औषध मी एक दिवस चुकवत नाही, बाई! हिला धूर सोसत नाही. धूर बाहेर काढायचा सोडून पोरीला काय बाहेर काढता?"

"एका मुलीसाठी पूजा बंद करू?"

"पूजा करा की! धूर काय देवीनं मागितलाय?" म्हणत हेमलता वर्गात घुसली. धुपाटणं उचलून तिने आवारात नेऊन ठेवलं आणि परत येऊन खिडक्या धाडधाड उघडल्या.

तिला अडवायला धावलेल्या बाईंना खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता गळ्याभोवती घट्ट घेतलेला पदर घसरला. आत तसाच दिवा होता, आणि तोही तांबडा.



हेमलताने व्हरांड्यात जाऊन मिथिलाच्या दप्तरातला पंप आणला आणि बाईंच्या हातात कोंबला.

"आधी हा घ्या," ती कडाडली. "आणि मग सांगा, तुम्हाला घरी न्यायला कोणाला बोलावू?"