बांगड्याचा कल्ला

सत्त्याऐंशीच्या शिमग्यापासून गुणवंतीचा खोकला हटत नव्हता. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. डॉक्टर मात्र दर खेपेला तिची पाळी तेवढी विचारायचे आणि छातीला नळीही न लावता गोळ्या लिहून द्यायचे. "पाळी जायचं वय आहे. हार्मोन कमी झाले की बायकांना असं होतंच." थुंकीतून रक्त पडतं म्हणाली, तर म्हणे घसा सोलवटला असेल.

पाचव्या खेपेला तिचं डोकंच फिरलं. स्टुलावर बसत ती म्हणाली, "आज माजं नाय, आमच्या ह्यांचं सांगाया आलंय. सात महिने खोकला हाय. रक्त पडतंय."

डॉक्टर ताडकन सरळ बसले. "विडी ओढतात?"

"कधीच नाय."

"तरी फुप्फुसाचा कॅन्सर असू शकतो! सात महिने झोपला होतात काय?" त्यांनी घाईघाईने एक्स-रेची चिठ्ठी लिहायला घेतली. "आजच फोटो काढा. नाव सांगा त्यांचं."

"गुणवंती."

डॉक्टरांचं पेन जागच्या जागी थांबलं.

"दर रविवारी माज्याकडनं बांगडे घेता," ती म्हणाली. "नर की मादी, कधी इचारलंत? ताजा हाय का, त्ये कल्ला उघडून बघता नं? मग माजा पन बघा."